मर लागलेल्या रानात नांग्या भरताना
(दुसऱ्यांदा केशरोपण केल्यावर घ्यावयाची काळजी)

शेती व आरोग्याच्या या पानावर आम्ही आजवर बहुधा पोटाचे, सांध्यांचे, फवारणीच्या विषबाधेचे विषय घेतले. डोक्यावरच्या केसांचा विषय काही वाचकांना हलका वाटेल. पण ज्याच्या घरात पंचविशीतला मुलगा टोपी घातल्याशिवाय मुलगी पाहायला जात नाही, त्याला तो हलका वाटणार नाही. औराद, भालकी, बसवकल्याण, आळंद या बाजूची तरुण मुले आता हैदराबाद, सोलापूर, पुणे येथे जाऊन केशरोपण करून येतात. कोणी तुरीच्या पैशातून करतो, कोणी हातउसने घेऊन.

काहींचे काम एकदा करून भागत नाही. दोन-चार वर्षांत लावलेले केस राहतात, पण त्यांच्या मागचे जातात. मग दुसऱ्यांदा रोपण होते. त्यानंतर दोन महिन्यांनी आरशात पाहावे, तर डोके पहिल्यापेक्षाही उघडे दिसते. पैसा गेला, केसही गेले, असे वाटून माणूस खचतो. अशा वेळी नेमके काय घडत असते व काय करावे, हे आज आपण समजून घेऊ.

केस का जातात?

निरोगी माणसाच्या डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात. त्यांतले रोज पन्नास ते शंभर गळतात व त्यांच्या जागी नवे येतात. पुरुषांच्या नेहमीच्या टकलात मात्र कपाळाचे कोपरे व टाळू येथील केसांची मुळे वर्षागणिक लहान होत जातात. केस आधी बारीक होतो, मग आखूड होतो आणि शेवटी दिसेनासा होतो. हे पुरुषी संप्रेरकापासून शरीरात तयार होणाऱ्या डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन नावाच्या द्रव्यामुळे घडते. ज्याच्या मुळांना जन्मतःच या द्रव्याची बाधा लवकर होते, त्याचे केस जातात. हा गुण आई व वडील या दोन्ही घराण्यांकडून येतो. टोपी, तेल किंवा विहिरीचे पाणी याचे कारण नव्हे. डोक्याच्या मागच्या व कानावरच्या पट्ट्यातील मुळांना मात्र ही बाधा सहसा होत नाही. म्हणूनच पूर्ण टक्कल पडलेल्या आजोबांच्याही मागे केसांची झालर शिल्लक असते.

रोपण म्हणजे काय?

मागच्या पट्ट्यातील मुळे काढून पुढे लावणे म्हणजे केशरोपण. न्यूयॉर्कचे डॉ. नॉर्मन ऑरेंट्राइख यांनी १९५२ साली असे रोपण केले आणि १९५९ साली त्यामागचे तत्त्व प्रसिद्ध केले. केस जिथून आणला तिथला गुण तो नव्या जागीही टिकवतो, हे ते तत्त्व.

तूर पिकवणाऱ्यांना हे सांगायला फार वेळ लागू नये. जुन्या वाणाच्या तुरीला मर लागते, मधली मधली झाडे वाळतात. कर्नाटकात १९८६ साली मर रोगाला प्रतिकारक म्हणून 'मारुती' वाण आला. समजा, वाळलेल्या झाडांच्या जागी आपण मारुतीने नांग्या भरल्या. ती झाडे उभी राहतील. पण शेजारच्या जुन्या झाडांची मर त्याने थांबेल काय? नाही. ती आपल्या गतीने वाळतच जातील, आणि पुढच्या खेपेला रानात मारुतीची बेटे व मध्ये मोकळी जमीन दिसेल.

केशरोपणाचे अगदी असेच आहे. रोपण रिकामी जागा भरते, चालू गळती थांबवत नाही. एवढे एक वाक्य ध्यानात ठेवले तरी या लेखाचा हेतू साधला.

दुसऱ्या खेपेचे वेगळेपण

पहिले, बियाणे मोजकेच असते. मागच्या पट्ट्यातून जन्मभरात साधारणपणे चार ते सहा हजार मुळांचे पुंजके काढता येतात. काहींच्या बाबतीत थोडे अधिक, काहींच्या बाबतीत बरेच कमी. एका पुंजक्यात एक ते चार केस असतात. पहिल्या खेपेला अडीच हजार व दुसऱ्या खेपेला दीड-दोन हजार काढले, तर कोठारात काय उरले याचा हिशेब ज्याने त्याने करावा. काढलेल्या जागी नवे मूळ तयार होत नाही.

दुसरे, मागची कातडी आता पहिल्यासारखी नसते. तिथे जुन्या जखमांचे वण असतात. त्यामुळे कातडी ताठर वाटते व बधिरपणा अधिक दिवस टिकू शकतो. तो काही आठवड्यांत, क्वचित काही महिन्यांत, हळूहळू जातो.

तिसरे व सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, या वेळी मुळे मोकळ्या जागेत नव्हे, तर उरलेल्या केसांच्या मधून मधून लावलेली असतात. शस्त्रक्रियेच्या धक्क्याने आजूबाजूचे केसही गळतात. जे सशक्त असतात, ते तीन-चार महिन्यांत परत येतात. जे मुळातच बारीक होऊन जाण्याच्या बेतात होते, त्यांतले काही परत येत नाहीत. म्हणूनच दुसऱ्या रोपणानंतर डोके काही काळ जास्त विरळ दिसते.

दिवसांचा व महिन्यांचा हिशेब

पहिले तीन दिवस : उशी उंच ठेवून उताणे झोपावे. लावलेल्या जागेला हात, टॉवेल, उशी काहीही लागू देऊ नये. डॉक्टरांनी दिलेले मिठाचे निर्जंतुक पाणी सांगितल्याप्रमाणे फवारावे.

तिसरा ते पाचवा दिवस : कपाळ व डोळ्यांभोवती सूज उतरते. चेहरा पाहून घरचे घाबरतात, पण ही सूज बहुधा आपोआप जाते.

सातवा ते दहावा दिवस : खपल्या सुटू लागतात. त्या नखाने काढू नयेत. हलक्या हाताने धुताना त्या आपणच पडतात. दहा दिवसांच्या सुमारास मुळे घट्ट बसतात.

दुसरा ते सहावा आठवडा : लावलेले केस गळतात. इथेच बहुतेकांचा धीर सुटतो. पण ऊस तोडला तरी बुडखा जमिनीत जिवंत असतो व त्याला फुटवा येतो. तसे इथे केस पडतो, मूळ आत राहते.

तिसरा-चौथा महिना : बारीक केस फुटू लागतात. मध्येच लहान पुटकुळ्या येतात. त्या पिळू नयेत. फार झाल्या तर डॉक्टरांना दाखवाव्यात.

नववा ते बारावा महिना : खरे पीक आता दिसते. टाळूवरच्या केसांना कधी कधी दीड वर्षही लागते. त्याआधी काम फसले असे म्हणू नये, आणि त्याआधी पुढच्या रोपणाचा विचारही करू नये.

शेतकऱ्याने विशेष काय पाळावे?

शहरातला कारकून चार दिवसांनी कचेरीत जाऊन बसतो. आपले काम वेगळे आहे. म्हणून पुढील गोष्टी पाळाव्यात.

१. पेरणी, फवारणी व रास या दिवसांत शस्त्रक्रिया ठरवू नये. निदान तीन-चार आठवडे जड कामातून सुटका मिळेल असा काळ निवडावा. घाम, धूळ व भुसकट जखमेला वाईट. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर जातो, तेव्हाही टाळावे.

२. डोक्यावर भारा, पाटी, घागर महिनाभर घेऊ नये. मुंडासे किंवा पटका आवळून बांधू नये. दहा दिवसांनंतर डॉक्टरांना विचारून सैल, स्वच्छ टोपी घालावी व उन्हापासून डोके जपावे.

३. ओढा, विहीर, शेततळे यांत महिनाभर पोहू नये.

४. हळद, राख, कांद्याचा रस, एरंडेल, कडुनिंबाचा लेप यांपैकी काहीही ताज्या जखमेवर लावू नये.

५. बिडी, सिगारेट, तंबाखू व दारू शस्त्रक्रियेच्या आधी व नंतर बंद ठेवावी. तंबाखूने रक्तवाहिन्या आखडतात व नव्या मुळांना रक्त कमी पडते. वण असलेल्या जागी तर हा धोका अधिक.

६. मधुमेह, रक्तदाब किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर ते आधीच सांगावे. आपल्या मनाने गोळी बंदही करू नये व दुखते म्हणून ॲस्पिरिनही घेऊ नये.

पू येणे, ताप, दिवसेंदिवस वाढणारे दुखणे किंवा कातडीचा काळा पडलेला चट्टा यांपैकी काहीही दिसले, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. अंगावर गांधी उठून श्वास कोंडत असेल, तर एक क्षणही न दवडता जवळचे मोठे रुग्णालय गाठावे.

चालू गळतीचे काय?

नांग्या भरून झाल्या, तरी मरीचा बंदोबस्त करायचा राहतोच. त्यासाठी दोन औषधांचा अनुभव मोठा आहे. मिनॉक्सिडिल हे मुळात रक्तदाबाचे औषध. ते घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढलेले दिसले, म्हणून त्याचे डोक्याला लावायचे द्रावण निघाले. शस्त्रक्रियेनंतर ते पुन्हा कधी सुरू करावे, हे डॉक्टर सांगतील. दुसरे फिनास्टेराइड. अमेरिकेत १९९७ साली पुरुषांच्या टकलासाठी त्याला मान्यता मिळाली. ते डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन कमी करते. दोन्हींचा गुण दिसायला सहा महिने ते वर्ष लागते, आणि बंद केल्यास गळती पुन्हा सुरू होते. पाणी तोडले की पीक सुकते, तसे.

फिनास्टेराइड डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नये. काही थोड्या पुरुषांना त्याने कामेच्छा कमी होणे असे त्रास होतात. काहींचे मन उदास होते. २०२५ साली युरोपच्या औषध नियामक संस्थेने, या गोळीने आत्महत्येचे विचार येऊ शकतात, हे मान्य केले. मन खचत आहे असे वाटले, तर गोळी थांबवून डॉक्टरांना गाठावे, घरच्यांनाही सांगावे. ही गोळी घेत असताना रक्तदान करू नये. गरोदर स्त्रीने फुटलेल्या गोळीला हात लावू नये.

गळती नेहमीच्या टकलाचीच आहे ना, हेही पाहून घ्यावे. डेंग्यू किंवा मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी केस झडतात व आपोआप परत येतात. रक्तक्षय, थायरॉइडचा विकार, चाई यांचे उपचार वेगळे. बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात डिसेंबर २०२४ पासून अनेक गावांतील बायका-मुलांसह लोकांचे केस काही दिवसांतच गेले. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी त्याचा संबंध गव्हातील जादा सेलेनियमशी जोडला. पुढे बऱ्याच जणांना केस परत आले. अशा गळतीत रोपणाची घाई करणे म्हणजे पाऊस येणार असताना दुबार पेरणी करणे होय. बीदर व कलबुर्गी येथील सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत त्वचारोग विभाग आहेत. आधी तिथे तपासून घ्यावे.

तिसऱ्या खेपेपूर्वी

जो माणूस तिसऱ्या खेपेचा विचार करतो, त्याने डॉक्टरांना तीन प्रश्न विचारावेत. मागे किती मुळे उरली? गळती वर्षभर स्थिर आहे का? शस्त्रक्रिया कोण करणार? राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये सांगितले आहे की, केशरोपण हे प्रशिक्षित डॉक्टरांचे काम आहे, आणि केवळ कार्यशाळा किंवा चित्रफिती पाहून ते शिकता येत नाही. या सूचनेला कारणे आहेत. मार्च २०१९ मध्ये मुंबईत एका त्रेचाळीस वर्षांच्या व्यापाऱ्याचे एकाच बैठकीत बारा तासांहून अधिक वेळ केशरोपण झाले, आणि दोन दिवसांत तो दगावला. असे क्वचित होते. पण स्वस्तात, एका दिवसात, हवे तितके केस, अशी जाहिरात दिसली की हे आठवावे.

उत्तरे समाधानकारक नसतील, तर तिसऱ्यांदा न करणे हाही एक उपचारच आहे. केस बारीक कापून ठेवावेत, असलेले औषधाने जपावेत आणि उरलेला पैसा रानात, घरात घालावा. त्यात हार कसली?

घरच्यांनाही आमचे एक सांगणे आहे. या सहा-आठ महिन्यांत मुलाची थट्टा करू नका. "एवढे पैसे घातले, कुठे गेले केस?" हा प्रश्न तो स्वतःला रोज विचारतच असतो. त्याला शस्त्रक्रियेची तारीख आठवून द्या आणि वर्ष पुरे होऊ द्या. आणि मुलीकडच्या मंडळींनी वर पाहताना त्याचे रान, त्याची माणसे व त्याचा स्वभाव पाहावा. तसे झाले, तर निम्मी रोपणे आपोआप टळतील असे आम्हांस वाटते.