तीन डोकी, एक संगणक

प्रोग्रॅमिंग स्पर्धा म्हणजे एकट्या हुशार विद्यार्थ्याचा पराक्रम, असा सर्वसाधारण समज आहे. 'आयसीपीसी' ही जागतिक आंतरविद्यापीठीय स्पर्धा मात्र सांघिक कसोटी आहे. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या 'यूपीई' या मानद संस्थेच्या अमेरिकेतील टेक्सास ए अँड एम विद्यापीठातील शाखेने १९७० मध्ये तिचा पाया घातला. पहिली अंतिम फेरी १९७७ मध्ये झाली.

तिघांचा संघ, एकच संगणक आणि पाच तास, असे तिचे स्वरूप आहे. अर्धवट बरोबर उत्तराला गुण नाहीत. शिवाय सुटलेल्या प्रश्नावर आधीच्या प्रत्येक चुकीच्या उत्तरामागे २० मिनिटांचा दंड असतो. साहजिकच एकाचा हट्ट तिघांचा वेळ खातो. म्हणूनच तर्कशक्तीइतकीच, सहकाऱ्यासाठी वेळीच संगणक मोकळा करण्याची समजही येथे पणाला लागते.