भिंत, टाकी आणि संगणक

खमीस मुशैतला पाहुणे आले की आम्ही त्यांना असीरची जुनी मातीची घरं दाखवायला नेतो. समुद्रसपाटीपासून सुमारे २००० मीटर उंचीचा हा मुलूख; सौदीत असूनही इथे चांगला पाऊस पडतो. म्हणून मातीच्या थरांमधून चपट्या दगडांच्या ओळी बाहेर काढलेल्या असतात. पाणी भिंतीपासून लांब पडतं, माती वाचते.

आम्हा इंजिनिअर मंडळींना ही भिंत पाहिली की ऑफिसातलं काम आठवतं. फायनाइट एलिमेंटच्या सॉफ्टवेअरमध्ये वस्तूवर बारीक चौकटींची जाळी टाकून तिच्यातला ताण काढतात. पण वस्तू अनेक भाग जोडून झालेली, म्हणजे असेंब्ली असली, की आधी त्या भागांवरच्या जागा नावानिशी ठरवाव्या लागतात. ही माती, हा दगड, ही दोघांची टेकायची बाजू, हा पाया. मग सांगायचं, की या दोन बाजू एकजीव आहेत, की नुसत्या टेकलेल्या. माती आणि दगड एकजीव आहेत असं ठोकून दिलं, तर संगणक निमूटपणे मानतो आणि भिंत आहे त्याहून दणकट ठरवतो!

एकदा आमच्याच हातून घोटाळा झाला. गच्चीवर २००० लिटरच्या टाकीसाठी लोखंडी स्टँड करायचा होता. नुसतं पाणीच २ टन. टाकी ज्या पत्र्यावर बसणार, तिथल्या चौकटींचे नंबर देऊन आम्ही भाराची जागा ठरवली आणि दर चौरस मीटरला किती भार ते सांगितलं. पुढे जाळी निम्म्या मापाची केली, पण नंबरांची यादी जुनीच राहिली. तेवढ्याच चौकटी आता पाव जागा व्यापत होत्या. पडद्यावर चित्र निळंशार, सगळं सुरक्षित! चार पायांखालच्या प्रतिक्रियांची बेरीज केली, तर जेमतेम अर्धा टन. बाकीचं पाणी गेलं कुठे? स्टँड अजून कागदावरच होता, म्हणून निभावलं.

तेव्हापासून आम्ही जागा जाळीवर आखत नाही, मूळ आकृतीवर आखतो. जाळी दहा वेळा बदलली तरी आकृतीतली बाजू तीच राहते. चार पाय सारखे असतील, तर 'पायाचा तळ' मूळ पायावर एकदाच ठरवायचा. अबॅकससारख्या सॉफ्टवेअरमध्ये तो चारही प्रतींबरोबर येतो. नाव वाचून कळेल असं द्यायचं. 'सरफेस १७' म्हणजे काय, ते महिन्याने आपल्यालाही आठवत नाही. आणि आकृतीतच फेरफार केला, एखादी बाजू दुभागली, तर प्रत्येक जागा पडद्यावर उजळून पुन्हा पाहायची.

शेवटी ती बेरीज, हातानेच. असीरच्या गवंड्याला माती कुठे संपते नि दगड कुठे सुरू होतो ते हाताला कळत होतं. संगणकाला हात नाहीत. ते आपणच सांगायचं. गच्चीखालच्या अंगणात आपलीच मुलं खेळतात, मंडळी!