पोलादी नळीच्या खुर्चीचं माहेर : डेसाउ

बर्लिनहून रेल्वेने दोन तासांच्या आत जर्मनीतल्या डेसाउ शहरात पोहोचता येतं. स्टेशनच्या पश्चिमेकडून बाहेर पडलं की बाउहाउसची इमारत पायी जाण्याच्या अंतरावर आहे. आधी दिसते ती अख्ख्या मजल्यांवरून उतरलेली काचेची भिंत, मग शेजारच्या पांढऱ्या भिंतीवर वरून खाली लिहिलेलं संस्थेचं नाव. आज घराघरांत, कचेऱ्यांत, कॅफेत जे साधं, सरळ रेषांचं फर्निचर आपण ‘मॉडर्न’ म्हणून विकत घेतो, त्यातल्या बऱ्याचशा फर्निचरची वंशावळ या आवारात येऊन मिळते. फर्निचरची आवड असणाऱ्याने ते संग्रहालयात पाहण्याआधी इथे यावं, असं माझं ठाम मत आहे. संग्रहालयात खुर्ची चौथऱ्यावर असते. इथे ती ज्या कामासाठी घडली ते काम, ती खोली आणि तो उजेड एकत्र दिसतो.

बाउहाउस ही कला आणि कारागिरी शिकवणारी शाळा. वास्तुरचनाकार वाल्टर ग्रोपिउस यांनी ती 1919 मध्ये वायमारला सुरू केली. तिथल्या राजकारण्यांनी अनुदान आटवल्यावर डेसाउचे महापौर फ्रिट्स हेसं यांनी 1925 मध्ये शाळेला आपल्या गावात जागा दिली. डेसाउ तेव्हा कारखान्यांचं गाव होतं. युंकर्सची विमानं इथेच बनत, त्यामुळे धातूवर हात बसलेले कामगार हाकेच्या अंतरावर होते. ग्रोपिउस यांनी आराखडा केलेल्या नव्या इमारतीचं उद्घाटन 4 डिसेंबर 1926 रोजी झालं.

या इमारतीला दर्शनी बाजू अशी नाही. कार्यशाळा, वर्ग आणि विद्यार्थ्यांची राहण्याची जागा असे वेगवेगळे भाग जोडलेले आहेत, आणि दोन भागांमधला पूल चक्क रस्त्यावरून जातो. सगळं समजायला चारही बाजूंनी फिरावंच लागतं. कार्यशाळेतले काँक्रीटचे खांब कडेपासून आत घेतले आहेत. भार ते पेलतात, म्हणून बाहेरची काच नुसती टांगल्यासारखी राहू शकते. आत गेल्यावर खिडक्या उघडायची युक्ती जरूर पाहा : एक चाक फिरवलं की साखळीच्या जोरावर तावदानांची अख्खी रांग एकदम कलते. काचेमुळे उन्हाळ्यात आत भट्टी आणि हिवाळ्यात गारठा, हा त्रास मात्र इथल्या माणसांनी सोसला.

मार्सेल ब्रॉयर हा हंगेरीहून आलेला तरुण इथल्या फर्निचर कार्यशाळेचा प्रमुख होता. 1925 मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्याने पोलादी नळीची आरामखुर्ची घडवायला घेतली. कल्पना सुचली ती सायकलच्या हँडलवरून. पोकळ नळी वाकते, तरी मोडत नाही, आणि वजनाला हलकी. गुबगुबीत गादीची, अवजड आरामखुर्ची डोळ्यांसमोर आणा आणि तिच्यातून गादी, स्प्रिंगा, लाकूड सगळं काढून टाका. उरते ती नुसती बाह्यरेषा. ब्रॉयरने तीच नळीने काढली आणि बसायला, टेकायला, हात ठेवायला कापडाचे ताणलेले पट्टे लावले. पहिल्या नमुन्याला चार सुटे पाय होते. पुढे ते गेले आणि नळीच जमिनीवरून घसरपट्टीसारखी आडवी धावू लागली. बसणाऱ्याचं अंग थंड पोलादाला लागत नाही, ते कापडावर तोललेलं असतं. ‘वासिली’ हे प्रसिद्ध नाव मात्र पुष्कळ नंतरचं. चित्रकार वासिली कान्डिन्स्की यांना खुर्ची आवडली होती, ही आठवण धरून 1960 च्या दशकात एका इटालियन उत्पादकाने ते दिलं.

खुर्चीचं सगळं श्रेय ब्रॉयरला देऊन आपण मोकळे होतो, ते मला पटत नाही. साधं कापड या ताणाखाली सैल पडलं असतं. मेण चढवलेल्या चिवट सुती धाग्याचं ‘आयझनगार्न’ नावाचं कापड या खुर्च्यांना लागलं, आणि ते सुधारण्याचं काम विणकाम विभागात मार्गारेटा रायखार्ट हिने केलं. शाळेने समानतेची भाषा केली खरी, पण बहुतेक मुलींना मागाकडेच वळवलं. गुंटा श्ट्योल्त्सल हिच्या हाताखाली त्याच विभागाने उद्योगाला उपयोगी पडणारं भक्कम काम करून दाखवलं. इथे आल्यावर नळीइतकंच लक्ष पट्ट्यांच्या विणीकडेही द्यावं.

इमारतीच्या सभागृहातल्या खुर्च्यांच्या रांगाही ब्रॉयरच्याच : नळीचा सांगाडा, ताणलेलं कापड, उठलं की दुमडणारी बैठक. 1928 मध्ये त्याने मागच्या पायांशिवायची, वेताच्या जाळीची खुर्ची केली. वेताची वीण आपल्या जुन्या घरांना परकी नाही, म्हणून मराठी डोळ्यांना ती चटकन ओळखीची वाटते. मागचे पाय नसलेल्या खुर्चीचा मान आधी कोणाचा, यावर जर्मनीत कोर्टकज्जे झाले आणि न्यायालयाने डच वास्तुरचनाकार मार्ट श्टाम यांच्या बाजूने कौल दिला.

नाझींचं बहुमत असलेल्या नगरपरिषदेने 1932 मध्ये डेसाउची शाळा बंद पाडली. बर्लिनला नेलेली शाळा पुढच्याच वर्षी संपली. मार्च 1945 च्या बाँबहल्ल्यात काचेची भिंत गेली, तिथे विटा रचल्या गेल्या. पूर्व जर्मनीच्या काळात, 1976 मध्ये, काच पुन्हा बसवली. युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत ही वास्तू 1996 पासून आहे. शाळा संपल्यावर शिक्षक आणि विद्यार्थी देशोदेशी पांगले आणि त्यांची रीत त्यांच्यासोबत गेली. भारताशी ओळख त्याहीआधीची : 1922 च्या अखेरीस कलकत्त्यात बाउहाउसच्या चित्रकारांचं काम मांडलं गेलं होतं.

विद्यार्थ्यांच्या निवासाच्या 28 खोल्यांपैकी काही आज पाहुण्यांना राहायला देतात. जमलं तर रात्र इथेच काढा. शहराच्या मध्यभागी 2019 मध्ये उघडलेलं बाउहाउस संग्रहालय आहे, आणि कान्डिन्स्की, पाउल क्ले राहत ती शिक्षकांची घरं इमारतीपासून चालत गाठता येतात. पण एक फेरी दक्षिणेकडच्या ट्योर्टन वसाहतीत नक्की मारा. कामगारांना परवडावीत म्हणून 1926 ते 1928 मध्ये इथे 314 घरं बांधली. खिडक्या फार उंचावर ठेवल्या होत्या, बसून बाहेर दिसत नसे. राहणाऱ्यांनी पुढे त्या खाली आणल्या, दारं बदलली, दर्शनी भिंती आपल्या सोयीने रंगवल्या. घरांत आजही कुटुंबं नांदतात, तेव्हा फोटो रस्त्यावरूनच काढा.