वॉटरबरीतली चवींची दफनभूमी

बॉस्टन सोडून तीन तास होत आले, तरी कारखान्याची एकही मोठी पाटी दिसेना. मागच्या सीटवर मुलांची चुळबुळ सुरू झाली. व्हरमाँट राज्यात रस्त्याकडेच्या जाहिरातफलकांना १९६८पासून कायद्याने बंदी आहे. खिडकीतून दिसतात ते हिरवे डोंगर, कुरणं आणि गाई. वॉटरबरीला महामार्ग सोडला, तेव्हा कुठे टेकडीवर ‘बेन अँड जेरीज’चा आइस्क्रीम कारखाना दिसला.

बेन कोहेन आणि जेरी ग्रीनफिल्ड हे शाळेपासूनचे मित्र. पेन स्टेट विद्यापीठाचा पाच डॉलरचा टपालाने शिकवला जाणारा अभ्यासक्रम करून त्यांनी १९७८ साली बर्लिंग्टनमध्ये जुन्या पेट्रोल पंपाच्या जागेत दुकान थाटलं. सुरुवातीचं यंत्र बर्फ आणि खडेमिठावर चालणारं होतं. हे सांगितल्यावर आई खुलली. ‘म्हणजे आपला पॉटच की!’ तिच्या माहेरी मे महिन्यात सगळी भावंडं पाळीपाळीने लाकडी पॉट फिरवायची. मिठामुळे बर्फाचं पाणी शून्याच्याही खाली थंड होतं, आणि दांडा जड झाला की आइस्क्रीम जमलं असं समजायचं.

वॉटरबरीचा कारखाना १९८५चा. फेरी अर्ध्या तासाची. काचेमागून यंत्रं बघायची आणि शेवटी चव घ्यायची. तत्त्व पॉटचंच, वेग मात्र अफाट. मिश्रण जितक्या झटपट गोठेल तितके बर्फाचे कण बारीक राहतात आणि आइस्क्रीम जिभेला खरखरीत लागत नाही. इथे हवाही कमी मिसळतात, म्हणून छोटा डबासुद्धा हाताला वजनदार लागतो.

मला सगळ्यात भावली ती त्यातल्या मोठमोठ्या तुकड्यांची गोष्ट. बेनला वास जवळजवळ येतच नाही, त्यामुळे चवही पुरती कळत नाही. दाताखाली काय येतं, यावरच त्याची भिस्त. म्हणून आइस्क्रीममध्ये चॉकलेटचे, बिस्किटांचे, सुक्या मेव्याचे ठसठशीत तुकडे पडू लागले, आणि तीच या आइस्क्रीमची ओळख झाली. एका माणसाची उणीव लाखो लोकांच्या आवडीची झाली, हे मला फार मोलाचं वाटतं.

कारखान्यामागच्या चढावर, पांढऱ्या कुंपणाच्या आत, बंद केलेल्या चवींची दफनभूमी आहे. प्रत्येक थडग्यावर नाव, जन्ममृत्यूची सालं आणि चार ओळींची कविता. आपल्या फसलेल्या पदार्थांना इतक्या मायेनं जपणारा दुसरा कारखाना मी पाहिलेला नाही. मुलं धावत थडग्यांवरची नावं वाचत होती. आई एका दगडापाशी थांबली: ‘डॅस्टर्डली मॅश, १९७९–१९९१’. बदाम, पेकन, मनुका आणि चॉकलेट. काहींच्या मते मनुकांनीच घात केला, अशा अर्थाच्या ओळी मी तिला मराठीत सांगितल्या.

ती क्षणभर विचारात पडली. ‘गोठल्या की चिवट होतात गं मनुका,’ ती म्हणाली. ‘आधी भिजवायला हव्या होत्या.’