काशीत खोली कुठल्या दिशेची घ्यावी?

मे महिन्यात मुलांना सुट्टी असते आणि वाराणसी नेमकी तेव्हाच सर्वांत जास्त तापते. पारा चाळिशीच्या वर असतो, काही दिवस पंचेचाळिशीच्या घरात जातो. तरीही आजी-आजोबांना आणि मुलांना घेऊन काशीयात्रा करायची तर बहुतेक मराठी घरांना सवड मिळते ती याच दिवसांत. मग मोबाइलवर हॉटेलांच्या याद्या बघणं सुरू होतं. मंदिर किती लांब, नाश्ता आहे का, फोटो कसे आहेत, लोकांनी किती तारे दिलेत, हे सगळं आपण बघतो. खोलीची खिडकी कुठल्या दिशेला उघडते, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. काशीत मुक्काम सुखाचा होणार की नाही, हे बऱ्याच अंशी त्या एका उत्तरावर ठरतं. त्यामागचं कारण गंगेच्या वळणात, सूर्याच्या वाटेत आणि चुनारच्या दगडात दडलेलं आहे.

नदी वळली आणि शहराचं तोंड ठरलं

हिमालयातून निघालेली गंगा मैदानातून पूर्वेच्या समुद्राकडे जाते. वाराणसीपाशी मात्र ती उत्तरेकडे वळते. भाविकांच्या लेखी या उत्तरवाहिनी गंगेचं माहात्म्य मोठं आहे. घर बांधणाऱ्याच्या दृष्टीनंही ते वळण तितकंच मोलाचं आहे. वळणाच्या बाहेरच्या अंगाला, म्हणजे पश्चिमेला, कंकरमिश्रित चिकणमातीचा उंच, टणक काठ आहे. नदी त्याला धडका देते, पण तो टिकून राहतो. आतल्या अंगाला, पूर्वेला, ती वाळू टाकत जाते आणि दर पावसाळ्यात ती वाळू पाण्याखाली जाते. म्हणून जुनं शहर एकाच काठावर वसलं. अस्सीपासून आदिकेशवापर्यंत सुमारे साडेसहा किलोमीटरवर ८४ घाट आहेत आणि त्यांचं तोंड पूर्वेला, पुढे काहीसं आग्नेयेला आहे. समोर वस्ती नाही, सूर्य थेट वाळवंटावर उगवतो.

याचा परिणाम विलक्षण आहे. गंगेकडे तोंड असलेल्या खोलीवर ऊन पडतं ते सकाळी, हवेत अजून गारवा असताना. बारा वाजून गेले की सूर्य इमारतीच्या पाठीमागे उतरू लागतो आणि ती इमारत आपल्याच दर्शनी भागावर सावली धरते. दिवसातली सर्वांत तापलेली वेळ दुपारी दोन ते चार. नेमकी तेव्हा नदीकडची भिंत सावलीत असते. उत्तर भारतातली उन्हाळ्यातली झळ, म्हणजे ‘लू’, हीदेखील पश्चिमेकडूनच वाहते. तीही इमारतीच्या पाठीवर आदळते. गंगेकडची खोली आपण नदी दिसावी म्हणून घेतो. पण नदी दिसली नाही तरीही ती पश्चिमेच्या खोलीपेक्षा सुखाचीच ठरली असती.

घड्याळ आणि सूर्य जुळतात ते गाव

भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावर ठरते आणि ही रेषा शेजारच्या मिर्झापुरावरून जाते. वाराणसी तिच्या जेमतेम अर्धा अंश पूर्वेला आहे. त्यामुळे इथं घड्याळात बारा वाजतात तेव्हा सूर्यही माथ्यावर असतो. मुंबईत त्याला साडेबारा उलटतात. मेच्या तिसऱ्या आठवड्यात मुंबईत सूर्य सहाच्या सुमारास उगवतो, तर काशीत पाच वाजून दहा मिनिटांच्या आसपास. मुंबई-पुण्याच्या माणसाला आपल्या घड्याळानं दिवस सुरू करण्याची सवय असते. इथं ती मोडावी लागते. नौकेतून घाट बघायचे, दर्शन घ्यायचं ते पाच ते नऊमध्ये. पुन्हा बाहेर पडायचं ते पाचनंतर, संध्याकाळच्या आरतीच्या बेतानं.

म्हणजेच मधले सात-आठ तास आपण खोलीतच असतो. इतर शहरांत सहलीची खोली पाठ टेकण्यापुरती असते. उन्हाळ्यातल्या काशीत अर्धा दिवस तिच्यातच जातो. मुलांना पत्ते मांडायला जागा हवी, आजीला दुपारी आडवं व्हायला पलंग हवा, आणि खिडकीतून बघण्यासारखं काहीतरी हवं. खोली लहान असेल तर तिसऱ्या प्रहरी घरातली सगळीच माणसं चिडचिडी होतात.

छप्पर दुपारी तापतं, रात्री जागवतं

जून महिन्यात या अक्षांशावर मध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर, ८८ अंशांपर्यंत चढतो. उभ्या भिंतीला तो अशा वेळी जेमतेम चाटून जातो, गच्चीला मात्र पुरता भाजून काढतो. काँक्रीटच्या साध्या स्लॅबमधून ही उष्णता आतल्या छतापर्यंत यायला तीन-चार तास लागतात. म्हणून सर्वांत वरच्या मजल्यावरची खोली संध्याकाळी तापू लागते आणि रात्री उशिरापर्यंत निवत नाही. ‘टॉप फ्लोअर, बेस्ट व्ह्यू’ अशी जाहिरात असली तरी आपण मधला मजला मागावा. त्या खोलीच्या डोक्यावर दुसऱ्या एका खोलीची सावली असते.

जुन्या वाड्यांचं गणित निराळं आहे. अर्ध्या मीटर जाडीच्या दगडी भिंतीतून उष्णता आरपार जायला साधारण दहा तास लागतात. दुपारी बाहेरून शिरलेलं ऊन आत पोचतं ते मध्यरात्री, जेव्हा खिडक्या उघडून ते घालवता येतं. दुपारी मात्र आतली भिंत आदल्या रात्रीचा गारवा धरून बसलेली असते. मधला चौक गरम हवेला वर जायला वाट देतो. हा दगड प्रामुख्याने चुनारचा. चुनार हे गाव नदीच्या वरच्या अंगाला असल्यामुळे तो नावांतून प्रवाहाबरोबर खाली आणता येत असे.

आणि या दगडी काशीत मराठी हात किती ठिकाणी लागलेला आहे! दशाश्वमेध घाट १७४८ मध्ये बाळाजी बाजीराव पेशव्यांनी बांधून घेतला. विश्वनाथाचं मंदिर १७८० मध्ये अहिल्याबाई होळकरांनी पुन्हा उभं केलं. त्यांच्या नावाचा घाट दशाश्वमेधाला लागूनच आहे. भोसले घाट नागपूरकरांचा, शिंदे घाट ग्वाल्हेरकरांचा. दुर्गाघाट आणि ब्रह्मघाटाच्या गल्ल्यांत मराठी घराणी पिढ्यान्‌पिढ्या राहत आली. नागपूर दरबारातले मंत्री श्रीधर नारायण मुन्शी यांनी १८१२ च्या सुमारास घाटावर बांधलेली भव्य इमारत १९१५ मध्ये दरभंग्याच्या राजांकडे गेली आणि आज तिथं हॉटेल आहे. ते भाडं प्रत्येकाला परवडणारं नाही. पण घाटावरून जाताना तिची उंच दगडी भिंत मुलांना जरूर दाखवावी आणि दुपारी चार वाजता तिची सावली पायऱ्यांवर किती लांब पडते, तेही मोजायला सांगावं.

पायऱ्या का इतक्या?

घाटावरच्या मुक्कामाची खरी किंमत पैशांत नसते, पायऱ्यांत असते. वाराणसीत गंगेची धोक्याची पातळी समुद्रसपाटीपासून ७१.२६ मीटर मानतात. १९७८ च्या पुरात पाणी ७३.९० मीटरपर्यंत चढलं होतं. उन्हाळ्यात तेच पाणी धोक्याच्या पातळीपेक्षा दहा मीटरहून अधिक खाली गेलेलं असतं, म्हणजे तीन मजली घराएवढं. हा सगळा चढउतार पायऱ्यांनी तोलला आहे आणि मे महिन्यात त्यातल्या सर्वाधिक पायऱ्या उघड्या पडतात. नौकेत बसायला त्या सगळ्या उतरायच्या, परतताना सगळ्या चढायच्या.

गल्ल्यांचंही तसंच. त्या अरुंद आहेत म्हणून दिवसाचा बराच वेळ त्यांत सावली असते. आणि अरुंद आहेत म्हणूनच त्यांत मोटार शिरत नाही. विश्वनाथाच्या परिसरात जायचं तर गोदौलिया किंवा मैदागिनच्या बाजूनं पुढची वाट बहुतेक पायीच असते. सामान, झोपलेलं लेकरू आणि गुडघे दुखणारे आजोबा, अशी मंडळी बरोबर असतील तर ‘घाटापासून दोन मिनिटं’ या शब्दांनी हुरळून जाऊ नये. गाडी जिथं थांबते तिथून दारापर्यंत किती चालायचं आणि आत किती जिने आहेत, हे आधी विचारावं. अशा कुटुंबाला अस्सीचा परिसर सोयीचा पडतो, कारण तिथं घाटाच्या बऱ्याच जवळपर्यंत वाहन येतं. छावणी भागात रस्ते रुंद आहेत, झाडं आहेत, लिफ्ट असलेली मोठी हॉटेलं आहेत आणि रेल्वे स्थानक जवळ आहे. मात्र घाटावर जायला दर वेळी रिक्षा करावी लागते.

कूलर की एसी?

याचं उत्तर तारखेवर अवलंबून आहे. कूलर पाण्याच्या वाफेवर चालतो. एक लिटर पाणी वाफ होताना हवेतून जितकी उष्णता शोषतं, तितकी शोषायला सात किलो बर्फ वितळवावा लागेल. एवढी ताकद त्या साध्या डब्यात आहे! पण हवा कोरडी असेल तरच. मेमधली लू इतकी कोरडी असते की खिडकीत बसवलेला चांगला कूलर खोली सहज राहण्याजोगी करतो. फक्त हवा बाहेर जायला समोरची खिडकी थोडी उघडी ठेवावी लागते. जूनमध्ये पूर्वेकडून दमट वारं सुरू झालं की त्याच कूलरपुढे बसून अंग चिकट होतं. पाऊस साधारण २० जूनच्या सुमारास येतो. तोवरचे दिवस एसीशिवाय काढणं वयस्कांना आणि लहानग्यांना जड जातं. एसी असो वा कूलर, वीज गेल्यावर तो जनरेटरवर चालतो की फक्त पंखा आणि दिवा चालतो, हे नक्की करून घ्यावं.

तेव्हा आरक्षणाचे पैसे भरण्यापूर्वी एक फोन करा आणि पाच प्रश्न विचारा. खिडकी पूर्वेला आहे की पश्चिमेला? खोलीच्या वर आणखी एक मजला आहे का? वाहन थांबतं तिथून किती चालायचं? किती पायऱ्या चढायच्या, आणि लिफ्ट आहे का? वीज गेली तर काय चालतं? शक्य झाल्यास खिडकीतून दिसणाऱ्या दृश्याचा दुपारी तीन वाजताचा फोटो मागवा. पायऱ्यांवर सावली आहे की ऊन, ते त्यात स्वच्छ कळेल. ज्या मालकाला या प्रश्नांची उत्तरं लगेच देता येतात, त्याच्याकडे निर्धास्त उतरावं.