‘उद्या’ आलं की ‘विल’?

शाळेतल्या तक्त्यात भविष्यकाळाच्या रकान्यात ‘शॅल’ आणि ‘विल’ एवढंच असतं. त्यामुळे वाक्यात ‘उद्या’ आलं की ‘विल’ लावून मोकळं व्हायचं, ही सवय जडते. वस्तुस्थिती अशी की इंग्रजी क्रियापदाला भविष्यकाळाचं स्वतंत्र रूपच नाही. आपल्याकडे ‘जा’चं ‘जाईन’ होतं, तसं ‘गो’चं काही होत नाही. इंग्रजी ते काम निरनिराळ्या रचनांकडून करून घेते. त्यातली कोणती घ्यायची, हे बरेचदा गोष्ट कधी ठरली यावरून ठरतं.

दारावरची बेल वाजली आणि तुम्ही उठता उठता म्हणालात, ‘आय विल गेट इट.’ निर्णय त्याच क्षणाचा, म्हणून ‘विल’. दिवाळीआधी घर रंगवायचं घरात ठरलंय: ‘वी आर गोइंग टू पेंट द हाउस.’ रंगारी सांगून झाला, वारही पक्का झाला: ‘वी आर पेंटिंग द हाउस ऑन मंडे.’ ‘आयएनजी’ म्हणजे फक्त आत्ता चाललेलं काम, हा समज इथेच सोडावा. आपणही ‘सोमवारी पुण्याला जातोय’ म्हणतोच की!

मात्र मराठीच्या भरवशावर फार पुढे जाऊ नये. ‘उद्या फोन करतो’ याचं ‘आय कॉल यू टुमॉरो’ होत नाही. शब्द देताय, तेव्हा ‘आय विल कॉल यू’. भविष्यासाठी साधा वर्तमानकाळ मुख्यतः वेळापत्रकाला शोभतो: ‘द ट्रेन लीव्ज ॲट सेव्हन.’

सर्वांत चिवट चूक ‘व्हेन ही विल कम, आय विल टेल हिम’ ही. ‘तो येईल तेव्हा सांगेन’ यात आपल्याकडे दोन्ही क्रियापदं भविष्यात, म्हणून ती होते. इंग्रजीत ‘व्हेन ही कम्स’. पण ‘व्हेन’नंतर ‘विल’ कधीच येत नाही, असंही नाही. ‘आय डोन्ट नो व्हेन ही विल कम’ बिनचूक आहे. मराठीत ‘जेव्हा’ बसत असेल तर ‘विल’ गाळा, ‘कधी’ बसत असेल तर ठेवा.

राहिला ‘आय’ला ‘शॅल’ आणि ‘यू’ला ‘विल’ हा नियम. जॉन वॉलिसने 1653 साली लॅटिनमध्ये लिहिलेल्या इंग्रजी व्याकरणात तो मांडला. आज बोलताना ‘आय विल’ सर्रास चालतं. ‘शॅल’ उरलाय तो ‘शॅल आय ओपन द विंडो?’ अशा विचारण्यापुरता, आणि करारांत. भाडेकरारात ‘द टेनंट शॅल पे’ असेल, तर ते भविष्य नव्हे, बंधन आहे.