फोर-व्हीलमध्ये अडकलेली गाडी

चिखलातून गाडी बाहेर निघाली, डांबरी रस्ता लागला, आणि आता लिव्हर काही केल्या २एचवर, म्हणजे टू-व्हील ड्राइव्हवर, येत नाही. लगेच गिअरबॉक्स गेला असं समजू नका.

थार, जिमनी किंवा जुन्या जिप्सीत पुढचा आणि मागचा प्रॉपेलर शाफ्ट ट्रान्सफर केसमध्ये एकमेकांना घट्ट जोडले जातात; मध्ये डिफरन्शियल नसतं. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. चिखलात चाक थोडं घसरतं आणि हा फरक निघून जातो. कोरड्या डांबरावर मात्र टायर रस्ता सोडत नाही, मग सगळा पीळ शाफ्टमध्ये साठतो आणि आतली स्लीव्ह दातांत आवळून बसते. स्टिअरिंग जड झालं, वळताना गाडी ब्रेक लावल्यासारखी अडखळली, की हेच ओळखावं.

अशा वेळी स्टिअरिंग सरळ धरून गाडी सात-आठ मीटर सावकाश मागे घ्या आणि क्लच दाबून लिव्हर ओढा. जमलं नाही तर दोन चाकं मुरमावर उतरवा. लिव्हरवर लाथ मारणारे महाभाग असतात. त्यांच्यामुळे गॅरेजवाल्यांचं चालतं!

लिव्हरऐवजी बटण असेल तर आधी फ्यूज, मग शिफ्ट मोटरचं कनेक्टर बघा. तिथे पाणी शिरून गंज चढतो. लिव्हर २एचवर येऊनही डॅशबोर्डवरचा फोर-व्हीलचा दिवा विझत नसेल, तर दोष बहुधा ट्रान्सफर केसवरच्या स्विचचा.

दुखणं वारंवार होत असेल तर चारही टायर एकाच मापाचे, सारखेच झिजलेले आहेत ना, ते तपासा.